तिसरी वाटी

(मानोरा, १९७४. दवाखान्यातून रिटायर झालेल्या भिवाजी कंपाउंडरची ओसरी. सोबत बायको दुर्गाबाई आणि शेजारी ग्यानबा. एक वाटी फळीवर, एक कोनाड्यात, एक जमिनीवर.)

भिवाजी : ...अन् माय जात्यावर म्हने, 'टाच फाटली वं बाई, जसं चैतातलं रान. माहा राजाच भेगा भरीन, हाती घेऊन मेन.' अजून कानात हाये, ग्यानबा. मी बाजेवर अर्ध्या झोपेत राहो. राजा म्हंजे मी, तिचा लेक.

ग्यानबा : गानं राहू द्या, कंपाउंडर. मतं मोजा. मोहोळ काढनाऱ्या बाबूसिंगनं मेनाचा एकच गोळा आनला. त्यात एकच दवा शिजते. पहिले कोनती कराची ते गाव ठरवीन, घरटी एक दाना, हे तुमीच म्हतलं. वैनी, लंगडता काहून?

दुर्गाबाई : काई नाई. खडा टोचला.

भिवाजी : फळीवरची वाटी. केसं उगवाचं तेल... एकतीस दाने.

ग्यानबा : जिंकलो!

भिवाजी : थांब ना बापा. कोनाड्यातली, घोरनं बंद कराचा लेप... सोळा.

दुर्गाबाई : ते सोळाई बायाइचे.

भिवाजी : अन् टाचेच्या भेगाचा मलम... एक बी नाई? असं कसं?

दुर्गाबाई : ते वाटी खाली कोनं ठेवली?

भिवाजी : मीच. डोक्याची दवा वर, नाकाची मधी, पायाची खाली. तीस सालं दवाखान्यात असंच मांडत आलो.

दुर्गाबाई : अन् कोंबडी?

भिवाजी : कोनती कोंबडी?

दुर्गाबाई : ते पाहा, भितीले टेकून बसली. सकाळपासून उठून नाई राह्यली. अर्ध्या गावाचं मत हाये तिच्या पोटात.

ग्यानबा : पोटातलं मत बाद! हा कायदा हाये.

भिवाजी : मंग पुन्हा मतं घेऊ.

ग्यानबा : पुन्हा कायले? सोमवारी पोरीचं लगन हाये माह्या. सोयरिकीच्या दिवशी माहा याही, पोराचा बाप, टक्कल पाहून मले नवरीचा आजा समजून पाया पडला!

दुर्गाबाई : सोमवारपावेतो केसं उगवतीन का?

ग्यानबा : खुंटं त दिसतीन!

भिवाजी : मंग माह्या मायचं मत धर. तिनं त गाऊन सांगतलं.

ग्यानबा : मेलेल्या मानसाचं मत कोनी धरते का, कंपाउंडर? तेल ठेवा चुलीवर.

दुर्गाबाई : ते गानारी मेली नाई, भाऊजी.

भिवाजी : काय म्हनते तू?

दुर्गाबाई : सासूबाईले गाता कुठं ये? त्या खुट्याले हात लावून पेंगत. जात्यावर मीच म्हनो. नवी नवरी, तोंडावर कसं सांगू?

भिवाजी : अवं, इतके सालं मी 'माय माय' करत राह्यलो, अन् तू बोलली नाई?

दुर्गाबाई : तुमाले ते गोड लागे. पन राजा मी लेकाले नाई म्हनलं... मेन मात्र आज आलं.