राजी नसल्याचा राजीनामा

जुई: ...अगं पण तूच आहेस ती! ऐक ना. 'कु. इंदुमती पारखे, टंकलेखिका, ग्वालियर, १९५६.' आजी, तू नेटवर आहेस!

इंदुताई: मी खाटेवर आहे. नेटवर दुसरी कोणी बसली असेल.

जुई: मस्करी नको. जुन्या सरकारी कागदांची साइट आहे ही. कागदाचा फोटो टाकतात आणि खाली कंप्यूटर हिंदीत सार काढून देतो. आपल्या ग्वालियरची राजधानी भोपाळला गेली तेव्हाचे सगळे कागद आहेत. आणि तुझ्याबद्दल काय लिहिलंय माहीत आहे? 'भोपाल स्थानांतरण हेतु सहर्ष सहमति देने वाली प्रथम महिला कर्मचारी.'

इंदुताई: काय देने वाली?

जुई: सहमति! राजी होणारी पहिली बाई! माझा पेपर बन गया, आजी. आज संध्याकाळी सरांना पाठवायचाय, आणि सुरुवातच तुझ्यापासून केलीये.

इंदुताई: पूस ते.

जुई: काय?

इंदुताई: पूस म्हटलं ना. मी कुण्णाला राजीबिजी झाले नव्हते. मी नोकरी फेकली होती त्यांच्या तोंडावर.

जुई: आजी, प्लीज यार. तू तर हेही सांगतेस की फाइलींबरोबर तुझा जेवणाचा डबा भोपाळला गेला आणि तीन महिन्यांनी तिकडून चिठ्ठी आली, 'डिब्बा प्राप्त हुआ, अचार विचाराधीन है.'

इंदुताई: ते जरा वाढवून सांगितलं होतं.

जुई: जरा?

इंदुताई: डबा गेला नव्हता. लोणचं खरं होतं.

जुई: बघ! आता मी कोणाचं ऐकू? कंप्यूटर गोष्टी नाही रचत.

इंदुताई: नाही? मग 'सहर्ष' कुठून आणलं त्या मेल्यानं? माझा हर्ष बघायला आला होता का तो? मीठमिरची तोही लावतो, बाई. फक्त मी लावते तेव्हा तुम्ही हसता, आणि तो लावतो तेव्हा उतरवून घेता. कागद वाचलास तू? माझा, अस्सल?

जुई: सार वाचलाय ना. दोनशे कागद आहेत, एकेक कुठे वाचत बसू?

इंदुताई: दोनशे नको. एक वाच. उघड.

(जुई लॅपटॉपवर कागद मोठा करते.)

जुई: 'मा. मुकुंदराव यांस. भोपाळच्या बदलीबाबत वडिलांच्या संमतीपत्राऐवजी हा माझा राजीनामा स्वीकारावा. इंदुमती पारखे.' ...तर मग! बरोबरच आहे की. वडिलांची संमती नको, माझा स्वतःचा राज़ीनामा घ्या. मतलब, मी स्वतः राजी आहे. और क्या?

इंदुताई: राजीनामा म्हणजे काय गं?

जुई: राजी झाल्याचा कागद. कोर्टात नाही का, दोन्ही पार्ट्या राज़ीनामा करतात? केस संपते.

इंदुताई: हे हिंदीत. मराठीत?

जुई: मराठीत... थांब. टीव्हीवर म्हणतात ना, मंत्र्यानं राजीनामा दिला... अरे देवा. इस्तीफ़ा!

इंदुताई: घ्या! ग्वालियरच्या थाटीपुरात जन्म गेला पोरीचा, घरात बोलते मराठी, समजते हिंदीतून.

जुई: पण थांब ना. सरकारी दफ्तर होतं. तिथं कामकाज हिंदीत. तू हिंदी अर्थानंच लिहिलं नसशील कशावरून? सर हेच विचारतील मला.

इंदुताई: 'भोपाळ' शब्द बघ. नीट बघ.

जुई: ...'ळ' टाइप केलेला नाहीये. हातानं काढलाय, शाईनं.

इंदुताई: दफ्तरातलं मशीन हिंदीचं. त्यात ळ नव्हताच. म्हणून तेवढी जागा सोडून टाइप केलं आणि मग टाक घेऊन भरला.

जुई: एका अक्षरासाठी एवढं? 'भोपाल' टाइप करून टाकायचं होतं.

इंदुताई: मग ते पत्र त्यांच्या बोलीतलं झालं असतं. मला माझ्या बोलीत नाही म्हणायचं होतं. मुकुंदराव, आमचे हेडक्लार्क, मराठी होते, त्यांना बरोबर कळलं. त्यांच्या वरचा जो हिंदीवाला साहेब होता, त्यानं तुझ्यासारखंच वाचलं. चौथ्या दिवशी माझ्या नावाचा भोपाळचा रेल्वे पास हजर!

जुई: हे खरं का अचार?

इंदुताई: खरं. शपथ घालू नकोस, सवय नाही मला.

जुई: मग केलंस काय पासचं?

इंदुताई: परत दिला. हातात. साहेब म्हणाला, 'आपने तो राज़ीनामा दिया था.' मी म्हटलं, 'जी, मराठी में.'

जुई: आजी! ...पण नोकरी का सोडलीस? भोपाळ नको होतं?

इंदुताई: नको कसलं? जायचं होतं मला. तलाव बघायचा होता. माझ्या शेजारी टाइप करणारी शांता गेली, तिनं पत्रात लिहिलं होतं, खिडकीतून पाणी दिसतं म्हणून.

जुई: मग?

इंदुताई: पुरुषांना विचारलं, येता का. मला सांगितलं, वडिलांची संमती आणा. एकवीस वर्षांची होते मी. त्या खोलीत सगळ्यांत भरभर माझी बोटं चालायची. आणि माझं जाणं बाबांच्या सहीवर!

जुई: पणजोबा नाही म्हणाले?

इंदुताई: नाही म्हणाले असते तर भांडून गेले असते. ते बिचारे पेन उघडून बसले होते, 'आण गं, कुठे करू सही?' म्हणून. तेच सोसलं नाही. त्या सहीवर गेले असते तर जन्मभर सहीवरच राहिले असते. राजीनामा दिला, इथंच पडाव भागात टायपिंगचा क्लास काढला. तलाव राहिला तो राहिलाच.

जुई: आणि या कंप्यूटरनं नेमका तोच शब्द तुझ्या नावापुढे लावला. संमती.

इंदुताई: सहर्ष!

जुई: बस्स. पुसलं. पहिलं पान सगळंच पुसलं.

इंदुताई: अगं, संध्याकाळी द्यायचंय ना?

जुई: देईन उद्या. सर ओरडले तर ओरडू देत. आता लिहिते, 'इंदुमती पारखे यांनी वडिलांची संमती जोडायला नकार देऊन नोकरीचा राजीनामा दिला.' खाली टीप, मूळ पत्र, मराठी. आणि मुलाखत, थाटीपुर.

इंदुताई: तुझा पेपर वाचणार कोण? तू आणि तुझे सर. ते नेटवरचं जगभर वाचतील. तिथलं बदल.

जुई: बदलता येतं बहुतेक. हे बघ, 'सुधार सुझाएँ'. नाव भरलं. चूक काय, भरलं. बरोबर काय... सांग.

इंदुताई: लिही, 'राजी नव्हते. आजही नाही.'

जुई: लिहिलं. आता हे काय... अरे यार.

इंदुताई: काय झालं?

जुई: कर्मचाऱ्याचं मृत्यूचं साल विचारतंय. लाल तारा आहे, भरावंच लागेल.

इंदुताई: भरू नकोस.

जुई: रिकामं सोडलं तर पुढे जात नाही गं.

इंदुताई: नाही गेलं तर नाही गेलं. मीही नव्हते गेले.