मायच्या खोलीतला डिमर

कुंभार पिंपळगावात अबुबकरभाईंच्या लाइटच्या दुकानात शीतल वायर घ्यायला थांबली होती. तिच्या पुढं एक म्हातारी आणि तिचा लेक उभे होते.

“भाई, उजेड कमीजास्त होणारं बटन द्या.”

“डिमर म्हणा की, मावशी.”

“कशाला डिमर? घरी पंख्याचा रेग्युलेटर पडलाय, तोच लावतो, माय.”

“त्याच्यावर बल्ब लुकलुकतो, भाऊ. डिमर घ्या, न् त्याच्यावर चालणारा बल्बबी घ्या.”

“द्या दोन्ही. डोळ्याचं आपरेशन झाल्यापासून ट्यूब सहन होईना, न् हा म्हणतो अंधारात बस.”

“डॉक्टरनं आराम सांगितलाय, माय.”

“आराम सांगितलाय. आंधळी हो म्हणून न्हाई सांगितलं.”

“तुला एवढं वाचायचंय तरी काय?”

“वावराचा कागद. सोमवारी त्याच्यावर माझा आंगठा घेणार हाईस ना?”

“मी वाचून दाखवला की!”

“तू वाचलेला ऐकला. आता मी वाचीन. चौथी शिकलेली हाय मी.”

“हळू बोल, लोकं ऐकून राह्यलेत.”

“ऐकू दे. भाई, तुमच्याकडं पेन मिळंल का? आंगठा बिलकुल देणार न्हाई. सही करायची का न्हाई, तेबी वाचल्यावर सांगीन.”

अबुबकरभाई काही बोलायच्या आत शीतलनं पर्समधला आपला पेन काढून म्हातारीच्या हातात दिला.