कुणाकडून आणलंस?

डॉक्टर : हात इकडे द्या. परवा सुई टोचली ती हीच जागा ना?

बायको : हो. काल लाल झाली, आज सकाळी हे पिवळं टोक आलं. मी हात लावलेला नाही हं.

नवरा : सुई खराब असेल.

डॉक्टर : सुई नवीकोरी होती. तुम्हाला टोचली असती तर आज खूणही दिसली नसती. यांचं शरीर नुसत्या टोचण्यानेही चवताळतं. तेच बघायचं होतं मला. आता पहिल्यापासून सांगा.

बायको : चार वर्षं झाली. आधी तोंड यायचं. महिन्याआड. पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा. उष्णता म्हणाले, गोळ्या दिल्या. मग गुडघे सुजले, नडग्यांवर लाल गाठी आल्या. त्याला वेगळे डॉक्टर, वेगळ्या गोळ्या.

डॉक्टर : तोंडातल्यासारख्या जखमा आणखी कुठे झाल्या?

बायको : यांना जरा बाहेर बसवता?

नवरा : मी नवरा आहे तिचा.

बायको : असू दे, बसा. तुम्हाला पाठच आहे सगळं. खाली झाल्या, डॉक्टर. बसता येईना. ज्या डॉक्टरबाईंनी तपासलं, त्यांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, तुम्हीही तपासून घ्या.

नवरा : मी लगेच तपासलं. माझं काही निघालं नाही.

बायको : माझंही नाही निघालं. तीनदा तपासलं. पण यांचा कागद खरा आणि माझा खोटा. घरी येऊन पहिला प्रश्न काय, तर कुणाकडून आणलंस?

नवरा : अगं, डॉक्टरांसमोर कशाला?

बायको : मग कुणासमोर? कारखान्यात सगळ्यांसमोर बोललात तेव्हा नाही वाटलं काही? डॉक्टर, मी शर्ट शिवायच्या कारखान्यात होते. आमचे कटिंग मास्तर वयाने माझ्या वडिलांएवढे. गुडघे धरले की रिक्षाने घरी सोडायचे. यांनी त्यांची कॉलर धरली. मालकाने मला आणि मास्तरांना, दोघांनाही काढलं. मी भावाकडे गेले.

नवरा : मला कसं कळणार होतं? डॉक्टरांनासुद्धा कळलं नाही.

बायको : ते कळत नाही म्हणाले. तुम्हाला मात्र लगेच कळलं.

डॉक्टर : डोळा कधी लाल झाला?

बायको : गेल्या वर्षी उजवा. धूर भरल्यासारखा. थेंब घातले की बरा, पुन्हा तसाच. आता त्यातून उजेड तेवढा कळतो. डावाही धुरकटला, तेव्हा वहिनीने हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, तोंड येतं का.

डॉक्टर : योग्य विचारलं. तोंड, सांधे, कातडी, त्या जखमा, डोळे, हा सगळा एकच आजार आहे. बेहचेट म्हणतात. क्वचित होतो. रोगाशी लढणारी शरीराची ताकद आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. हा संसर्ग नाही. कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही.

नवरा : अजिबातच नाही?

डॉक्टर : अजिबात नाही. आजच दाखल व्हा. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड देऊ, मग गोळ्या आणि दर काही आठवड्यांनी इंजेक्शन. आजार मुळासकट जात नाही, पण काबूत राहतो.

बायको : डोळे?

डॉक्टर : डावा वाचवायचा पुरेपूर प्रयत्न करू. उजव्याचं खोटं सांगणार नाही. तो परत येणं अवघड आहे.

बायको : दोन वर्षांपूर्वी आले असते तर?

डॉक्टर : तर बहुधा दोन्ही राहिले असते.

नवरा : डॉक्टर, हे एका कागदावर लिहून द्याल? संसर्ग नाही, असं ठळक. आईला दाखवतो, मोठ्या भावाला दाखवतो. मग हिला घरी नेतो.

बायको : तीनदा दिला होता कागद.

नवरा : चुकलं माझं. पाया पडू का आता?

बायको : नको. डॉक्टर, यांना द्या कागद. पण दोन द्या. एक मास्तरांच्या बायकोला द्यायचाय. तेव्हापासून ती लेकीकडे राहते, मास्तर एकटेच असतात.

नवरा : मी नेऊन देतो. आजच.

बायको : तुम्हाला ती दारात उभं करणार नाही. इथून सुटले की मीच जाईन. रस्ता दिसतो मला अजून.