खूण करा, फेकू नका

आदरणीय अध्यक्ष आणि आपले संचालक म्सुक्वासाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आणि जेवणाच्या न्सिमाचा वास सुटल्यापासून माझ्याकडे ‘आवर आता’ अशा नजरेनं बघणाऱ्या बंधुभगिनींनो,

प्रयोगशाळेतल्या माणसाला मेल सर्व्हरवर बोलायला उभं केलंय, तेव्हा सांभाळून घ्या. आज आपल्या बाई, अमायी तमांदानी कपालामुला, निवृत्त होताहेत. आपल्या सगळ्या दवाखान्यांचा मेल सर्व्हर त्यांनी सांभाळला, एवढं बोलून मला खाली बसता आलं असतं. पण मग त्या एका दिवसाचं काय करू?

‘मालिरो’ अशा शीर्षकाची ती मेल आठवते ना? मयताची बातमी! ती न उघडता ठेवायची कुणाची छाती होती? कोण गेलं हे बघायला सगळ्यांनी जोडलेली फाइल उघडली आणि निम्मे संगणक आडवे झाले. अँटीव्हायरसला पत्ताच नाही. त्याच्याकडच्या सिग्नेचर, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, सगळ्या परमुलखातल्या. मयताच्या नावानं लावलेला आपल्याकडचा सापळा त्याला काय कळणार?

मग अमायींनी बाहेरच्या जाणकारांनी बनवलेल्या जादा सिग्नेचर सर्व्हरवर चढवल्या. चाचणीचा निरुपद्रवी, खोटा व्हायरस स्वतःलाच मेल केला. सर्व्हरनं तो अडवला! आम्ही टाळ्या पिटल्या. म्सुक्वासाहेब म्हणाले, “झालं की! आता असलं काही आलं की परस्पर फेकून द्या.”

“साहेब, चोर अडवला ते बघितलं. घरचं माणूस अडवतोय का, ते कोण बघणार? काही दिवस संशयित मेलवर नुसती खूण करू. फेकायचं काही नाही.”

“तुमचं आपलं नेहमीचंच, अमायी!” साहेब, हसू नका, अस्संच म्हणाला होतात.

त्याच आठवड्यात वादळानं न्कोताकोटाकडचे मोबाइलचे टॉवर पाडले. तिथल्या आपल्या दवाखान्याची मेल तेवढी चालू होती. दुपारी अमायी प्रयोगशाळेत आल्या आणि थेट जमिनीवर बसल्या. आपल्यात बाईमाणूस असं येऊन खाली बसलं, की कुणी गेलं का, हे विचारावं लागतं का? मीही त्यांच्यासमोर खाली बसलो.

“लिंबानी, तुझे मामा रे,” त्या म्हणाल्या. “न्कोताकोटाहून आलेल्या बातमीच्या मेलला व्हायरसची खूण लागली होती. वेगळ्या संगणकावर उघडून बघितली, खरी आहे. ऊठ, गाडी सांगितलीय.”

आपल्या रीतीनं मामांचा वारस भाचा, म्हणजे मी. माझ्याशिवाय माती द्यायची नाही म्हणून घरचे थांबणार, पण त्या उकाड्यात किती थांबणार? मेलांच्या एवढ्या लोंढ्यात, यंत्रानं व्हायरस ठरवलेल्या एका मेलमागे कुणाचं तरी माणूस असेल, हे या बाईला सुचलं कसं? अहो, अजून अंगावर काटा येतो माझ्या.

सर्वांचे मनापासून आभार. मानपानात, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. अमायी, शवपेटीचं झाकण लावायच्या आत मी पोचलो होतो. मामांचा चेहरा मला बघायला मिळाला.