बोहनीच्या आधी मागितलेली पगारवाढ

तुम्ही मला मुखदुर्बळ म्हणता, म्हणून हे सांगतो. मूल नावाच्या गावी एका किराणा दुकानात मी सकाळपुरता कामाला होतो. एक दिवस दुकान उघडताच धीर करून म्हणालो, "शेटजी, धाकट्या भावाले शाळेत घालाचं हाये. पगार थोडा वाढवून द्या."

शेटजी भडकले. "अबे, अजून बोहनी नाई झाली अन् तू मले पैसे मागून राह्यला? आता दिवसभर गिऱ्हाईक येईन काय?"

मी खिशातला एकुलता एक आणा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "एका आण्याचा गूळ द्या."

शेटजींनी पहिल्या विक्रीचा तो आणा सवयीने कपाळाला लावला.

"झाली बोहनी," मी म्हणालो. "आता बोला."

शेटजी हसले. "घाल भावाले शाळेत. वाढवला पगार. पण उद्यापासून गावातली उधारी मागाले तूच जाजो."