राहेलबाईचं आमंत्रण

देवाच्या नावानं जमलेल्या मंडळी, बसा. लहानांना पुढं घ्या, म्हाताऱ्यांना भिंतीचा टेकू द्या. पेटी जरा हळू करा भाऊ, माझा गळा आता साठीचा झाला आहे.

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. ऐका हं. आपण लोकांना 'या' म्हणतो. बाजारात म्हणतो, एस्टीत म्हणतो, पाव्हण्यारावळ्यांत म्हणतो. देव सगळ्यांचा आहे, या! बरं. मग खरोखर कोणी आलं तर? आणि जो यायला नको होता, नेमका तोच आला तर? तेव्हा ते 'या' कुठं जातं?

हसू नका. हा प्रश्न मी तुम्हाला नाही, आधी मला विचारतोय.

बोरठाण नावाचं गाव. नगर जिल्ह्यातलं, पाटाच्या पाण्यावरचं. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीत एक दगडी देऊळ. जुन्या लोकांनी बांधलं, तेव्हा शंभर माणूस बसेल एवढं मोठं बांधलं. विश्वास दांडगा! पण मी सांगतोय त्या काळात उपासनेला माणसं किती? सतरा. कोणी आजारी पडलं की सोळा. जागा एवढी, की सतरा जणांत तीन जण खांबाला टेकून झोपले तरी पाळकांना दिसायचे नाहीत. (इथं खांब नाहीत, हे ध्यानात ठेवा.)

या देवळाची किल्ली राहेलबाई वाघचौरे यांच्याकडं. झाडणं, सतरंज्या घालणं, घंटा वाजवणं, सगळं त्यांच्याकडं. चौथी शिकलेल्या. नवरा मनवेल, खळ्यावर मजुरी करायचा. तो कसा गेला ते सांगतो, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

ज्वारीची मळणी चालली होती. सकाळचे दहा वाजले असतील. मनवेलच्या छातीत कळ आली. घाम फुटला, ओठ निळे पडले. दवाखाना सात कोसांवर. गावात गाडी एकच — गंगाधर तुवर यांची जीप. नवीकोरी, दारात उभी. राहेलबाई अनवाणी पळत गेल्या. दारात हात जोडून उभ्या राहिल्या. तुवर आण्णा ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी एकदा बाईकडं पाहिलं, एकदा जीपकडं पाहिलं, आणि म्हणाले, "डिझेल नाही."

दोन शब्द, मंडळी.

मग बैलगाडी जुंपली. चौथ्या कोसाला बाभळीच्या सावलीत गाडी थांबवावी लागली. पुढं जायचं कारणच उरलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी? माती देऊन माणसं परत येत होती, तेव्हा रस्त्यानं तीच जीप धुरळा उडवत गेली. बोनेटवर झेंडूची माळ. तुवरांच्या घरचे लोक सोयरीक जमवायला निघाले होते. राहेलबाईंनी पाहिलं. ते पाहिलेलं आत जाऊन बसलं, विहिरीत धोंडा बसावा तसं. वर पाणी शांत. तळाला धोंडा.

आता पुढं ऐका. वर्ष झालं, दोन झाली. पाळक होते ससाणे साहेब, शांत माणूस. एका रविवारी त्यांनी विचारलं, गुरुवारच्या बाजारात जाऊन चार शब्द सांगायला कोण तयार आहे? सगळ्यांनी खाली पाहिलं. तुम्हाला माहीत आहे ना ती नजर? मी इथं विचारलं तरी आत्ता तीच दिसेल! एकाची म्हैस व्यायली होती, एकाचा घसा बसला होता. राहेलबाई म्हणाल्या, मी जाते.

आणि गेल्या! दर गुरुवारी. गाडगी-मडकी विकणारी छबूबाई कुंभारीण बसायची, तिच्या शेजारी उभ्या राहायच्या. भाषण येत नव्हतं. एवढंच म्हणायच्या, "थकला असाल तर या. दुःख असेल तर या. आमच्या देवळात जागा आहे. कोणालाही जागा आहे." लोक हसले. कोणी म्हणालं, चहा देता का? कोणी नक्कल केली. बाई हलल्या नाहीत. एक वर्ष नाही, दोन नाही, अकरा वर्षं! अकरा वर्षांत आलं किती जण? एकही नाही.

तुम्ही असता तर? मी असतो तर तिसऱ्या महिन्यात पाळकांना म्हणालो असतो, साहेब, या गावची मनं दगडाची आहेत. पण या बाईनं आपलं काम सोडलं नाही. आधी तिला नमस्कार करू या, मग तिची चूक सांगू. कारण चूक झाली.

बाराव्या वर्षातला एक रविवार. घंटा झाली. राहेलबाई दारात शेवटची सतरंजी झटकत होत्या. पायरीवर काठीचा आवाज आला. वर पाहिलं. गंगाधर तुवर.

म्हातारे झाले होते. बायको वारलेली, मुलगा शहरात, जीप कधीच विकलेली. डावा हात लकव्यानं लुळा पडलेला. त्यांनी वहाणा काढल्या, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि विचारलं, "बसू का आत?"

अकरा वर्षांत पहिला माणूस आला, मंडळी! ज्याच्यासाठी उन्हात उभं राहिलं, हसू झेललं, तो पहिला माणूस दारात उभा. आणि राहेलबाईंच्या तोंडातून काय निघालं?

"जागा नाही."

म्हाताऱ्यानं आत पाहिलं. शंभर माणसांचं देऊळ, सतरा माणसं. सतरंज्या उघड्या पडलेल्या. म्हातारा म्हणाला, "बरं." आणि वहाणा घालायला लागला. एका हातानं अंगठा वहाणेत जाईना. भिंतीला टेकला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा सुटली. बाई बघत उभ्या राहिल्या. मदत केली नाही. शेवटी पायात गेली, आणि काठी वाजवत तो निघून गेला. आतल्या कोणाला काही कळलंही नाही.

धरा रे टाळ जरा, हळू —

मुखी आमंत्रण । दारी अडसर ।
एवढे अंतर । मिटो माझे ॥

एवढे अंतर. मोठं नाही. जिभेपासून उंबऱ्यापर्यंतचं. पण माणूस आयुष्यभर चालतो आणि ते संपत नाही.

त्या दिवशी पाळकांनी काय सांगितलं ते राहेलबाईंनी ऐकलंच नाही. आधी वाटलं, बरं झालं. इतक्या वर्षांनी फिटलं. संध्याकाळी भाकरी थापता थापता हात थांबला. त्यांना कळलं, आपण काय बोललो. गाडी दारात असताना तो म्हणाला, नाही. जागा डोळ्यासमोर असताना मी म्हणाले, नाही. त्याचं खोटं मी तेरा-चौदा वर्षं मोजत बसले, आणि माझं? भाकरी तव्यावर करपली.

गुरुवार आला. बाजारात उभ्या राहिल्या. तोंड उघडलं. "थकला असाल तर या," एवढं आलं. पुढचा शब्द येईना. छबूबाई कुंभारीण म्हणाली, "मावशी, आज जागा आहे म्हणाल्या नाहीत?" बघा! जी कधी मान वर करत नव्हती, तिला पाठ झालं होतं. कोण ऐकतंय ते आपल्याला कळत नसतं, मंडळी. राहेलबाई बाजारातून निघाल्या त्या सरळ पाळकांच्या घरी. सगळं सांगितलं, डिझेलपासून वहाणेपर्यंत. आणि विचारलं, आता मी त्याच्या दारात जायला पाहिजे का?

ससाणे साहेब म्हणाले, "जाऊ नका, असं मी म्हणालो तर तुम्हाला झोप लागेल का?"

"नाही."

"मग मला कशाला विचारता?"

शनिवारी सकाळी बाई निघाल्या. तुवरांची वस्ती पाटाच्या पलीकडं, दोन कोस. वाटेत दोनदा मागं फिरल्या. का जायचं मी? तो आला होता का माझ्या दारात, मनवेल गेला तेव्हा? मातीला तरी आला होता? प्रत्येक पावलाला मन हेच विचारायचं. पण पाय चालत होते. मंडळी, देव कधी कधी मनाला सोडून देतो आणि पाय धरतो. मन मागून येतं.

तुवर अंगणात खाटेवर बसले होते. एका हातानं सुपातल्या शेंगा निवडत होते. बाईंना पाहिलं आणि काठी शोधत उठून उभे राहिले. ज्या माणसानं तेव्हा चहाची बशीसुद्धा खाली ठेवली नव्हती, तो उभा राहिला. बसा म्हणाले. बाई बसल्या नाहीत. मग म्हाताराच बोलला.

"डिझेल होतं."

"मला माहीत आहे," राहेलबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी गाडी पाहिली होती मी."

"गाडी नवी होती. सोयरिकीला जायचं होतं. तुमच्या वस्तीतलं माणूस, त्यात आजारी, ओकारी झाली तर सीट खराब होईल असं वाटलं." मग तो म्हणाला, "एवढंच होतं, बाई. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं."

ऐकलंत? वैर नव्हतं. द्वेषसुद्धा नव्हता. सीट होती. एका माणसाचा जीव, आणि एक सीट! अहो, मोठ्या पापांची आपण धास्ती घेतो. माणसं मरतात ती असल्या बारक्या कारणांनी.

राहेलबाई रडल्या का? रडल्या. उभ्यानंच, पदर तोंडात धरून. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. रडणं ओसरलं तेव्हा बाई म्हणाल्या, "जागा होती."

"दिसली होती मला," तो म्हणाला. "पण तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच होतं. गुरुवारी बाजारात पलीकडच्या ओळीत मिरची घेऊन बसायचो, तेव्हा तुमचं ऐकायचो. कोणालाही, म्हणायचात. त्यात मी धरलेला आहे का, ते बघायला आलो होतो."

त्यात मी धरलेला आहे का! मंडळी, आपल्या दाराशी येणारा प्रत्येक माणूस हेच विचारत असतो. तोंडानं तो कदाचित वेळ विचारेल, नाहीतर पाणी मागेल. आत मात्र हाच प्रश्न असतो.

राहेलबाई काय म्हणाल्या ते नीट ऐका. खोटं बोलल्या नाहीत. "आण्णा, माफ केलं असं आज माझ्या तोंडातून निघत नाही. निघेल तेव्हा निघेल. पण उद्या या."

म्हातारा दुसऱ्या दिवशी आला. आणि देवळात कुजबुज सुरू झाली. मनवेलचा धाकटा भाऊ शमुवेल उठून उभा राहिला. हा माणूस इथं बसणार असेल तर मी बसणार नाही, म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं, त्यानं भावाला खांदा दिला होता. राहेलबाईंनी आपली सतरंजी उचलली, पुढं अंथरली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा भाऊ होता, पण माझा नवरा होता. आण्णांना बसू द्या." शमुवेल निघून गेला. तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी आला आणि पार टोकाला बसला. देवानं त्यालाही जागा ठेवली होती. शंभर माणसांचं देऊळ होतं, म्हटलं ना मी!

आणि गंगाधर तुवर? गाणं येत नव्हतं, प्रार्थना येत नव्हती. वर्षभर नुसते बसले. मग एका गुरुवारी मिरचीचं पोतं सोडून राहेलबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. लोक थांबले. तुवर आण्णा इथं काय करतायत? तेव्हा म्हातारा भर बाजारात बोलला. या बाईच्या नवऱ्याला मी गाडी दिली नाही, तो मेला, आणि या बाईनं मला घरी येऊन बोलावलं, म्हणाला. पुढं काही आठवेना, म्हणून गप्प उभा राहिला. मोठमोठी प्रवचनं मी केली आहेत, मंडळी. त्या म्हाताऱ्याच्या दीड वाक्याएवढं एकही झालं नाही.

पुढच्या रविवारी छबूबाई कुंभारीण आली, सुनेला घेऊन. मग पाटाच्या पलीकडची दोन घरं आली. हळूहळू, एक एक करून. तिसऱ्या वर्षी सतरंज्या कमी पडल्या.

आणि माफी? ती कधी झाली? राहेलबाईंनाही कळलं नाही. एका दुपारी बाजार उठताना त्यांनी सहज विचारलं, "आण्णा, जेवलात का?" आणि विचारून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आत आता काही दुखत नाही. तिथंच मडक्यांच्या पेंढ्यावर बसून त्यांनी देवाचे आभार मानले. म्हातारा विचारत राहिला, काय झालं बाई? त्या म्हणाल्या, काही नाही, भाकरी घ्या.

आता तुमच्याकडं वळतो. प्रचार करायला विद्या लागत नाही, चौथी पुरते. गळा लागत नाही, दीड वाक्य पुरतं. कोणी येत नाही म्हणून थांबू नका. शेजारची कुंभारीण पाठ करत असते. पण 'या' म्हणण्याआधी आपल्या मनात एक नाव शोधा. प्रत्येकाच्या मनात आहे. भावकीतलं असेल, बांधाला बांध लागलेल्याचं असेल, कोर्टात समोर उभं राहिलेल्याचं असेल. तो माणूस दारात आला तर आपण काय बोलू? ते आज ठरवा. तेव्हा ठरवायला वेळ मिळत नाही, शब्द आपोआप निघतो.

अजून एक पद म्हणायचं होतं. पण मला इथून दारापर्यंत दिसतंय. मघापासून चार-पाच माणसं बाहेर पायरीवर उभी आहेत. एक बाई आहे, कडेवर लेकरू आहे. ओळखीची नाहीत. आत यावं का नाही, असं बघतायत. आणि पुढं या बाजूला सतरंजी मोकळी आहे.

पद राहू द्या. टाळ खाली ठेवा.

सरका, मंडळी.