यादीत गेमिंग कोणी घुसडलं?

मुलगी : यात ‘गेमिंग’ कोणी घुसडलं?

दुकानदार : ताई, मला जसं सांगितलं तशी कॉम्प्युटरची यादी केली. मध्यम बजेट, गेमिंग आणि प्रोग्रॅमिंग.

मुलगी : मी फक्त प्रोग्रॅमिंग म्हटलं होतं.

दुकानदार : ते सकाळी. दुपारी काकांचा फोन आला.

मुलगी : बाबा!

बाबा : अगं, नुसतं विचारलं. विचारायला काय जातंय?

मुलगी : माझी निम्मी रॅम जातेय! बघा ना, बत्तीसची सोळा झाली आणि हे भलंमोठं ग्राफिक्स कार्ड येऊन बसलं. मला ते नकोय. कामापुरते ग्राफिक्स या प्रोसेसरच्या पोटातच आहेत.

दुकानदार : ताईंचं बरोबर आहे. फक्त त्यावर गेम धड चालत नाही. रांगतो.

मुलगी : रांगू दे नाहीतर लोळू दे! सोमवारी मी रुजू होतेय, घरूनच काम आहे. तीन महिने चाचणीवर ठेवलंय मला. जुन्या लॅपटॉपवर चार प्रोग्रॅम एकदम उघडले की पंखा असा बोंबलतो, शेजारीण विचारते मिक्सर लावलाय का! सोळा रॅममध्ये पुन्हा तेच रडगाणं. काम वेळेत झालं नाही तर हातात नारळ देतील.

बाबा : सोळा म्हणजे काही कमी नाही. आमच्या बसला सहाच चाकं होती.

मुलगी : चाकांचा इथे काय संबंध?

बाबा : बरं, आणि हे काय? काचेचा डबा. आत रंगीत दिवे. पाण्यावर चालणारा कूलर. हे प्रोग्रॅमिंगला लागतं होय?

मुलगी : ते... मला आवडलं म्हणून आहे.

बाबा : हां. तुझी ती आवड आणि माझा तो आगाऊपणा.

दुकानदार : काका, पण खेळणार कोण? नातू का?

बाबा : तसंच समजा.

मुलगी : कुठला नातू? माझं अजून लग्न नाही झालेलं! बाबा, खरं सांगा, कोण खेळणार आहे?

बाबा : मी.

मुलगी : तुम्ही? टीव्हीचा आवाज वाढवायला मला स्वयंपाकघरातून हाक मारता तुम्ही!

बाबा : रिमोटला स्टिअरिंग नसतं.

दुकानदार : अच्छा, म्हणून फोनवर चाकाची चौकशी चालली होती! ताई, बस चालवायचा गेम असतो. चाक, पेडल, आरसे, सगळं.

मुलगी : चाकसुद्धा? डोक्याला ताप आहे नुसता! बाबा, हे खूळ शिरलं कुठून?

बाबा : अठ्ठावीस वर्षं बस चालवली, ओरखडा नाही आला गाडीला. आठ महिन्यांपूर्वी काचबिंदू निघाला, लायसन्स गेलं. गेलं तर गेलं. तुझ्या आईने स्कूटरची किल्लीही लपवली. तेही ठीक. पण सकाळी उठून मी करायचं काय? स्टॉपवर जाऊन बसतो आणि दुसऱ्यांच्या ब्रेकला नावं ठेवतो. परवा एक ड्रायव्हर म्हणाला, ‘काका, घरी कोणी नाही का तुमच्या?’ फार लागलं मला ते.

मुलगी : मग हे मला सांगायचं. दुकानात फोन कसले करता?

बाबा : तुला सांगायचं कधी? दिवसभर कानात बोळे घालून बसलेली असतेस.

दुकानदार : असं करू या का? त्या समोरच्या मशीनला चाक जोडलेलंच आहे. काकांना पाच मिनिटं बसू द्या. कदाचित आवडणारच नाही. मग वादच मिटला.

मुलगी : बसा. पाच मिनिटं हं, जास्त नाही.

(बाबा खुर्ची पुढे ओढून चाकामागे बसतात.)

दुकानदार : उजवं पेडल दाबा, काका. दाबा की.

बाबा : बेल्ट कुठाय?

मुलगी : बाबा, खुर्ची आहे ती!

बाबा : बरं, बरं. चाक जड आहे. छान आहे. निघालो.

दुकानदार : वा! काय वळण घेतलंत काका! पोरं इथे पहिल्याच वळणाला झाडावर जातात.

मुलगी : मग आता का थांबलात?

बाबा : म्हातारी रस्ता ओलांडतेय.

मुलगी : चित्र आहे ते!

बाबा : असेना. म्हातारीच आहे ना? जाऊ दे तिला.

मुलगी : मागे सगळे हॉर्न मारताहेत, बाबा.

बाबा : मारू देत. हॉर्न मारून रस्ता रुंद होत नाही. हं, गेली. चला.

दुकानदार : काका, डावीकडे सायकलवाला. काका! डावीकडे!

बाबा : कुठे?

मुलगी : ब्रेक!

बाबा : ...लागली?

दुकानदार : लागली. काही नाही हो, हे बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.

बाबा : पण तो आला कुठून? आरशात नव्हता.

मुलगी : होता. मघापासून होता.

बाबा : मला दिसला नाही.

मुलगी : हो, बाबा.

बाबा : म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते, कडेचं दिसत नाही मला. आठ महिने मी त्या माणसाला शिव्या घालतोय. मला वाटायचं, उगीच भीती घालतात. मागे एकदा तुम्ही दोघी बाहेर होतात तेव्हा स्कूटरची किल्ली शोधली मी. सगळे डबे पालथे घातले.

मुलगी : काय?

बाबा : नाही सापडली. बरंच झालं. शेठ, काढा ते कार्ड. हिची बत्तीस रॅम हिला द्या.

मुलगी : उठू नका.

बाबा : अगं, तुझी नोकरी...

मुलगी : बसा म्हणते ना! आधी धड सांगायचं नाही आणि वर अर्ध्यातून उठायचं. वैताग आणता तुम्ही! दादा, तो काचेचा डबा काढा. दिवे काढा. पाण्याचा कूलरही काढा, साधा पंखा चालेल. आता बजेटमध्ये बत्तीस रॅम आणि कार्ड दोन्ही बसतं का?

दुकानदार : कार्ड एक पायरी खालचं घेतलं तर बसतं. बसच्या गेमला ते पुरेल. चाक मात्र नवं नाही बसणार.

मुलगी : मग जुनं बघा.

दुकानदार : हेच न्या. एक पेडल थोडं करकरतं, म्हणून स्वस्तात देतो.

बाबा : कशाला हा खटाटोप? घरी नेऊन मी काय करणार? डावीकडचं दिसतच नाही मला. रोज एकाला उडवायचं आणि बटण दाबायचं? मला नाही जमायचं ते. चित्र असलं तरी.

मुलगी : सरका जरा तिकडे.

बाबा : तुला खेळायचंय?

मुलगी : नाही.

बाबा : मग खुर्ची कशाला ओढतेस माझ्या डावीकडे?

मुलगी : करा सुरू. डावीकडे मोकळं आहे.